भट्टीवरची मुलं आणि माझा मागणीतक्ता

लसींचा साठा सांभाळायचं काम मी अठरा वर्षं करते आहे. त्यातली पंधरा वर्षं मी ते चुकीचं करत होते, आणि त्याबद्दल माझं कौतुक होत होतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे मी स्वतःवर जरा चिडूनच लिहिणार आहे.

नेऱ्याच्या बाजूच्या एका सरकारी आरोग्य केंद्रात मी औषधनिर्माता आहे. राहते कामोठ्याला, स्कूटरने जाते-येते. केंद्रातला लसींचा फ्रीज माझ्या ताब्यात. त्याचं तापमान सकाळ-संध्याकाळ वहीत लिहायचं, वीज गेली की जीव मुठीत धरून बसायचं, आणि महिनाअखेरीला पुढच्या महिन्यात कुठली लस किती लागेल त्याचा मागणीतक्ता वर पाठवायचा. माझा तक्ता कधी उशिरा गेला नाही, त्यात कधी खाडाखोड नसायची. आमच्याकडे लस जवळजवळ वाया जात नाही म्हणून एकदा तालुक्याच्या बैठकीत मला उभं करून टाळ्याही वाजवल्या होत्या. ती गोष्ट घरी मी इतक्यांदा सांगितली की शेवटी नवरा म्हणाला, "आता मीच वाजवू का टाळ्या?"

मागणी काढायची माझी रीत सोपी होती. गेल्या महिन्यात जेवढी लागली तेवढी, वर थोडी. घरात पोहे-साखर मी अशीच भरते. घरी ते चालतं, कारण घरात माणसं तीन आहेत आणि महिन्याच्या शेवटीही ती तीनच असतात.

गोवर-रुबेलाच्या, म्हणजे एमआरच्या, लसीचं मात्र एक आहे. तिच्या एका व्हायलमध्ये, म्हणजे छोट्या बाटलीत, पाच मुलांचे डोस असतात. आत कोरडी पूड असते, तिच्यात पाणी मिसळलं की चार तासांत वापरायची, उरेल ती टाकायची. नियम सांगतो, एकच मूल आलं तरी व्हायल उघडा. पण नियम कागदावर, आणि खुर्चीत मी. एखाद्या सिस्टरच्या रजिस्टरमध्ये 'वाया तीन' असं दिसलं की मी शेजारी लाल पेनाने लिहायची, 'का?' बस, तेवढंच. कधी कोणावर आवाज चढवला नाही. मला वाटायचं, मी किती सौम्य आहे.

आमच्याकडे एक सिस्टर आहेत. माझ्याहून वीस वर्षांनी लहान, तिखटपणात मात्र बरोबरीच्या. गावागावांत आणि वस्त्यांवर जाऊन लस टोचायचं काम त्यांचं. तीन वर्षांपूर्वी माघातल्या एका सकाळी त्या लसीचा डबा घेऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"मॅडम, एमआरच्या पाच व्हायल द्या. आज वीटभट्टीवर सेशन आहे."

"गेल्या महिन्यात तिथे किती वापरल्या?"

"एक."

"मग दोन घ्या. दुप्पट दिल्या."

"मॅडम, तुम्ही एकदा भट्टीवर याच. इथे बसून तुम्हाला फक्त फ्रीज दिसतो."

मला असा राग आला की मी फ्रीजला कुलूप लावलं, डॉक्टरांना सांगितलं आणि त्यांच्या मागोमाग स्कूटर काढली. पोचेपर्यंत त्यांना काय काय सुनवायचं ते मनात जुळवून झालं होतं.

दिवाळी झाली की वाड्यांवरची कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर कामाला येतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. हे मला माहीत नव्हतं असं मुळीच नाही. जाता-येता विटांचे थर आणि धूर वर्षानुवर्षं बघत होते. त्या धुराचा माझ्या तक्त्याशी काही संबंध आहे, हे फक्त डोक्यात आलं नव्हतं. त्यांच्या गावच्या आशाताई वहीत 'कुटुंब बाहेरगावी' असं लिहून मोकळ्या होतात, आणि इकडे 'आले' असं लिहायला कुणी नसतं.

भट्टीवर मुकादम भेटला. मजूर आणणारा आणि सांभाळणारा माणूस. मी विचारलं, लोक किती आहेत? तो म्हणाला, "तीस जोड्या." तिथे माणसं जोडीने मोजतात, एक नवरा आणि एक बायको मिळून एक जोडी. मुलं किती म्हटल्यावर तो हसला. "पोरं कोन मोजतंय बाई? पोरं काय इटा पाडतात?"

मी त्याच्याकडे तुच्छतेने पाहिलं. मग लक्षात आलं की मोजली तर मीही नाहीत.

झोपड्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत सिस्टरांनी टेबल मांडलं होतं. बायका चिखलाच्या हातांनी पोरं कडेवर घेऊन येत होत्या. दोन व्हायल म्हणजे दहा डोस. दहावं मूल रडून मोकळं झालं तेव्हा रांगेत अजून सात-आठ जणी उभ्या होत्या, आणि सर्वात पुढे होती एक सडपातळ, विशीतली बाई. तिच्या कडेवर अकरा महिन्यांची मुलगी. लसीकरणाचं कार्ड तिने प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी फडक्यात, असं बांधून आणलं होतं. भट्टीच्या त्या धुळीत त्या कार्डाला एक डागही नव्हता.

"संपली?" तिने विचारलं.

सिस्टर मान खाली घालून म्हणाल्या, "संपली गं."

"ही माजी तिसरी खेप हाय." ती माझ्याकडे वळली. मी मोठी बाई आहे हे माझ्या पर्सवरून तिने ओळखलं असावं. "पैल्यांदा आले तवा सिस्टर बोलल्या, तू एकटीच हायस, आनखी चार जनी आल्या का फोडू. त्या कामावर व्हत्या, नाय आल्या. मागल्या म्हयन्यात पाच जनींचं झालं, मी सावी. आनि आज ह्ये."

मी सिस्टरांवर उखडले. "एकटी होती तर काय झालं? का नाही उघडलीत?"

सिस्टर हळूच म्हणाल्या, "तुमच्या लाल पेनासाठी, मॅडम."

मागच्या महिन्यात भट्टीवर एकच व्हायल लागली, कारण मी एकच दिली होती. आणि एकच लागली, म्हणून आज मी मोठ्या मनाने दोन दिल्या होत्या. परत पाठवलेल्या मुलांसाठी माझ्या तक्त्यात रकानाच नव्हता. बैठकीत टाळ्या वाजल्या त्या ह्याच्यासाठी. खरं सांगते, मला तिथल्या तिथे रडू फुटेल असं वाटलं, आणि मी सहसा रडत नाही.

त्यात पलीकडच्या भट्टीवर दोन मुलांना ताप येऊन अंगावर पुरळ उठल्याचं सिस्टरांनी सांगितलं. गोवर असण्याची शक्यता होती. मी त्या मुलीकडे पाहिलं. मनगटं इतकी बारीक की काळ्या मण्यांचा धागा दोनदा गुंडाळून बांधला होता. अशा मुलांना गोवर झाला तर तो साधा ताप राहत नाही, हे मला पुस्तकातून नाही, नोकरीतून माहीत आहे.

"उद्या येते मी लस घेऊन," मी म्हटलं.

"उद्या आमी नाय. इथली माती सपली. टेम्पो येनार हाय सकाळी, उरणच्या रस्त्याला दुसऱ्या भट्टीवर नेनार सगल्यांना."

"टेम्पोच्या आधी येते. नक्की येते."

फडक्याची गाठ तिने पुन्हा घट्ट बांधली.

माझ्या फ्रीजमध्ये तीनच व्हायल उरल्या होत्या आणि त्या दोन गावांसाठी राखलेल्या. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी आधी कामोठ्याच्या शहरी केंद्रातल्या मैत्रिणीकडे गेले. तिने एका शब्दाने काही न विचारता चार व्हायल काढून दिल्या, नोंद करून. तिचे उपकार मी विसरणार नाही. पण तिचं केंद्रच उघडतं नऊला. मग बर्फाच्या पिशव्या भरल्या, निघाले, तर कळंबोलीच्या सर्कलला ट्रकांच्या रांगेत अडकले. डबा स्कूटरवर पायांशी, आणि मी भर रस्त्यात एकटीच बडबडते आहे. वाटेत केंद्रावर स्कूटर लावली, सिस्टरांना घेतलं, केंद्राची गाडी घेतली. भट्टीवर पोचलो तेव्हा पावणेअकरा वाजले होते.

झोपड्यांची छप्परं उतरवलेली होती. चुलींचे तीन-तीन दगड तेवढे उरले होते. टेम्पो गेला होता.

विटांच्या एका थराच्या सावलीत ती बसली होती. मांडीवर मुलगी, बाजूला दोन गाठोडी आणि एक हंडा. नवरा जरा लांब, पाठ करून बसलेला. आम्हाला बघून तो उठला आणि म्हणाला, "तुमच्या पायी गाडी गेली आमची." त्याचं बरोबरच होतं.

ती त्याला म्हणाली, "बाई बोलल्या व्हत्या येते."

माझ्या खात्याने तीनदा परत पाठवलेली बाई माझ्या एका शब्दावर सगळं बिऱ्हाड सोडून मागे थांबली होती. मी तिच्या जागी असते तर थांबले नसते. माझ्यावर इतका विश्वास त्याआधी कुणी टाकलेला मला आठवत नाही, आणि मी तो कमावलेलाही नव्हता.

सिस्टरांनी व्हायल हातात घेतली आणि माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, एकच मूल आहे."

"उघडा."

मुलगी कळवळून रडली. आई तिला छातीशी धरून डुलत राहिली आणि स्वतःच हसायला लागली. नियमाप्रमाणे अर्धा तास थांबायचं होतं. दहा मिनिटं गेली असतील, तर ती म्हणाली, "त्या बाटलीत उरली हाय ना? मंग टेम्पोतल्या पोरांना द्या की. काल राह्यलेल्या सगल्या तितंच गेल्यात."

"कुठली भट्टी ते ठाऊक आहे?"

"मी दाकवते."

अर्धा तास झाल्यावर आम्ही सगळेच गाडीत बसलो. डब्यावर तिची गाठोडी, मध्ये हंडा, तिचा नवरा पुढे ड्रायव्हरशेजारी, आता जरा निवळलेला. वाटेत ती बोटांवर मोजत गेली. कोणाच्या जोडीत किती लहान, कोणाचं अजून अंगावर पितं, कोणाची झोळी या हंगामात नवी बांधली. त्यांतून काल लस राहिलेल्या सहा मुलांची नावं तिने सांगितली. मुकादमाला जोड्या पाठ होत्या, मला डोस पाठ होते, आणि मुलं पाठ होती ती हिला. व्हायल उघडून दोन तास होत आले तेव्हा आम्ही नव्या भट्टीवर पोचलो. ती उतरली आणि हाका मारत पुढे गेली. सहाही मुलं मिळाली. दुसरी व्हायल उघडली, तीन डोस उरले, चार तास झाल्यावर सिस्टरांनी ते टाकले आणि रजिस्टरमध्ये 'वाया तीन' असं लिहून रजिस्टर माझ्यापुढे धरलं. मी निळ्या पेनाने सही केली.

ती भट्टी दुसऱ्या केंद्राच्या हद्दीत येते, म्हणून पुढे मला थोडं ऐकून घ्यावं लागलं. ते मी ऐकून घेतलं.

त्या वर्षापासून माझी रीत बदलली. मागचा महिना बघते, पण तेवढंच बघत नाही. किती मुलं लस न मिळता परत गेली, हे सिस्टर आता मला रोज सांगतात, आणि तो आकडा मी तक्त्यात वरच्या बाजूला लिहिते. आणि दसरा झाला की मी फोन करते. मुकादमाला विचारते, यंदा कुठे किती जोड्या? मग तिला. तिच्या नवऱ्याकडे आता साधा फोन आहे. ती वाडीतल्या घराघराचा हिशेब सांगते, कोण कुठल्या भट्टीवर जाणार, बरोबर किती लहान. तक्ता ती वाचू शकत नाही, पण आमच्या भागाच्या मागणीचा निम्मा अंदाज तिच्या तोंडून येतो. गेली दोन वर्षं भट्टीवरून एकही मूल लस न घेता परत गेलं नाही. थोडी लस वाया जाते. बैठकीत टाळ्या नाहीत.

ती थँक्यूबिंक्यूच्या भानगडीत पडत नाही. मी एकदा फोनवर म्हटलं, "तुझे फार उपकार आहेत गं माझ्यावर." तर म्हणाली, "कसले?" आणि पलीकडे कोंबड्यांना हाकलत बसली.

यंदाही दसऱ्यानंतर फोन केला. तक्ता पुढ्यात घेऊनच बसले होते. त्यात अपेक्षित जन्मांचा एक रकाना असतो. तो मी आजवर लोकसंख्येच्या टक्केवारीने भरत आले आहे.

"यंदा जन्म किती धरू?" मी विचारलं.

तिने नेहमीसारखी एकेक जोडी घेतली. "सात," ती म्हणाली. मग लगेच म्हणाली, "नाय, आट धरा बाई. माज्या पोटातलं पन धरा."

"कधी आहे?"

"पौषात. भट्टीवरच व्हनार."

मी फोन कानापासून खाली ठेवला. ती "हालो, हालो" करत राहिली. मी पेन उचललं आणि त्या रकान्यात, टक्केवारी सोडून, आठ लिहिले.