गेटवरचे काका आणि राणी

“ऐकलं, ऐकलं.” आमच्या गेटवरचे काका हे नेहमी दोनदा म्हणायचे. गाडी येतेय म्हणा, पाऊस येतोय म्हणा, मान हलवून तेच. मला हा माणूस सुरुवातीला भयंकर आगाऊ वाटला. पाठीमागून हाक मारली तर वळून बघायचेसुद्धा नाहीत.

अंबडला आमचा कारखाना. मी तिथे स्टोअरला. माझा डावा पाय लहानपणीच पोलिओत गेला, तेव्हापासून पायाला लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर. अपंगत्वाचा दाखला दाखवून बसून करायचं काम मिळवलं, आणि त्याचा मला थोडा माजही होता. काका चांदवडकडचे. वीस-बावीस वर्षं त्यांनी तापलेलं लोखंड ठोकणाऱ्या हॅमरवर काढली, मग ठेकेदाराने त्यांना गेटवर बसवलं.

गेट पत्र्याचं, पलीकडचा रस्ता दिसत नाही. आत लोखंडी खुर्ची, खुर्चीत काका आणि खुर्चीला चिकटून राणी नावाची काळी कुत्री. काकांचा उजवा हात कायम तिच्या पाठीवर. ट्रकने हॉर्न दिला की राणी उठायची, मग काका उठायचे, मग गेट उघडायचं. “काका, युनिफॉर्म तिलाच शिवा,” असं आम्ही चिडवायचो. ते हसायचे.

एकदा चहा पिताना माझ्या कॅलिपरकडे बघून म्हणाले, “तुमचं बरं हाय साहेब. तुमचं दिसतं तरी.”

मला ते फार लागलं. आठ दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही. ज्याला स्वतःला काही आहे त्याला दुसऱ्याचं चटकन कळतं, असं तुम्हाला वाटत असेल तर ते डोक्यातून काढून टाका. मला काही कळलं नव्हतं.

मग एका मोठ्या गिऱ्हाईकाची माणसं कारखाना बघायला येणार होती. मॅनेजरसाहेबांनी बजावलं, गेटवर कुत्रं दिसता कामा नये. हे काम मी आपण होऊन अंगावर घेतलं. काका तोंड धुवायला गेले होते. मी राणीला बिस्किटं दाखवत मागच्या भंगाराच्या शेडमध्ये नेलं आणि बाहेरून कडी घातली.

“राणी कुठं हाय?” परत आल्यावर त्यांनी विचारलं.

“मागे आहे. संध्याकाळी सोडतो.”

“साहेब, आजचा दिस तिला हितंच राहू द्या.”

“काका, आजच तर नको!”

काकांनी मागच्या शेडकडे एकदा बघितलं. मग खुर्चीत जाऊन बसले.

अकराला गाडी आली. हॉर्न वाजला. पुन्हा वाजला. काका पत्र्याकडे बघत बसून होते. मी स्टोअरच्या खिडकीतून हाका मारल्या, मग जमेल तेवढा पळालो. गेट मॅनेजरसाहेबांनी उघडलं.

पाहुणे गेल्यावर साहेब काकांच्या मागे जाऊन उभे राहिले आणि त्यांनी जोरात टाळी वाजवली. मग आणखी एक. आम्ही सगळे बघत होतो. काकांची मान हलली नाही.

त्याच आठवड्यात त्यांचं काम गेलं.

जाताना त्यांनी मला एका शब्दानेही दोष दिला नाही. “हॅमरनं कान खाल्ले,” एवढंच सांगितलं. “कळलं असतं तर गेटवर कोण ठेवणार व्हतं?” मी म्हटलं, दाखला काढू, मी येतो सोबत. माझ्या ओठांकडे बघत त्यांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली, नको म्हणून. एसटीत कुत्री घेईनात. “पोराचा कांद्याचा टेम्पो हिकडं आला का नेतो तिला. तवर बघा तिच्याकडं.”

मी बघत होतो. भाकरी टाकत होतो. पण हॉर्न वाजला की राणी उठून गेटपाशी जायची, आणि नवा वॉचमन आपला मोबाइलमध्ये. एका दुपारी ती रिव्हर्स येणाऱ्या ट्रकखाली गेली. मी दोन मजुरांकडून तिला पोत्यात गुंडाळून कंपाउंडच्या भिंतीशी पुरून घेतलं, आणि स्टोअरला येऊन बोल्टांची यादी पूर्ण केली. रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. अजून आलेलं नाही.

पुढच्या शनिवारी काकांच्या मुलाचा फोन आला. “साहेब, सोमवारी टेम्पो येतोय. बाबा इचारतात, राणी बरी हाय ना?”

“बरी आहे,” मी म्हणालो.

फोनमधून त्याचं ओरडणं ऐकू आलं. “बरी हाय म्हनतात! बरी हाय!” वडिलांच्या कानात ओरडत असणार.

सोमवारी मी रजा टाकली.

मंगळवारी नवा वॉचमन सांगत होता, “एक म्हातारे आले होते टेम्पोतून. कुत्रीचं विचारत होते. मी सांगितलं, पण त्यांना ऐकूच येईना. मग हातानेच दाखवलं, ट्रक कसा मागे आला ते.”

“काही म्हणाले?”

“फार नाही. तुमच्यासाठी कांदे ठेवून गेलेत, गोणीभर. स्टोअरच्या साहेबांनी तिची काळजी घेतली, म्हणाले.”

गोणी रिक्षात टाकून मी घरी आणली. बायको म्हणाली, माल चांगला आहे, चार महिने टिकेल. आम्ही अजून तेच कांदे खातोय.