फर्स्ट क्लासचं वॉरंट

माझं पहिलं पोस्टिंग मध्य भारतातल्या एका छावणीच्या मिलिटरी हॉस्पिटलात झालं. मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस, लेफ्टनंट, वय तेवीस. खांद्यावर दोन स्टार आणि डोक्यात हवा, दोन्ही नवीन. वॉर्डातल्या आरशापुढून जाताना मी रोज थोडी थांबायची. पेशंटना वाटायचं, सिस्टर औषधांचा विचार करतायत. सिस्टर टोपीचा कोन बघत असत.

खारघरच्या आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी परवा घरी आले. "आजी, सव्वीस जानेवारीला दहा मिनिटं बोला. काहीतरी इन्स्पायरिंग. गोळीबार वगैरे असेल तर बेस्ट."

"गोळीबार नाही. रेल्वेचा स्लीपर डबा आहे."

"म्हणजे ट्रेनवर अटॅक झालेला?"

"नाही. मी झोपलेली."

बिचारे अर्धा चहा ठेवून गेले. मग मला संताप आला. गोळीने मेला तोच जवान, बाकीचे नुसते आजारी पडले, हे लोकांना कोण शिकवतं? म्हणून भाषण राहू दे, लिहूनच काढते.

आमच्याकडे मोठ्या ऑपरेशनची सोय नव्हती. असे पेशंट रेल्वेने मुंबईला पाठवत. बरोबर एक नर्सिंग ऑफिसर आणि एक नर्सिंग असिस्टंट, त्या खेपेला मी आणि हवालदार यादव. त्या वेळी पेशंट होता सिपाही काशिनाथ म्हात्रे, वय चोवीस, गाव तळवली, ठाणे-बेलापूर रोडला लागून. ट्रेनिंगमध्ये गाडी उलटून त्याचं मांडीचं हाड मोडलं होतं. सहा आठवडे प्लास्टरमध्ये पडून होता आणि हाड जुळत नव्हतं. तरी गडी खूश. मुंबई म्हणजे त्याला घरच.

"मॅडम, आई बघाला येल ना हॉस्पिटलान?"

"येऊ देतील."

"ती एकटी कदी गेली नाय कुटं. पन येल."

निघण्याच्या आदल्या दिवशी मेट्रनने मला ऑफिसात बोलावलं. मेजर होत्या. चष्म्यावरून बघायची सवय.

"पेशंट आणि हवालदार स्लीपरमध्ये. तू?"

"मॅडम, माझी एन्टायटलमेंट फर्स्ट क्लासची आहे."

"ते मला माहीत आहे. पेशंटजवळ राहायचं असेल तर अर्ज दे. स्लीपरचं वॉरंट करून देते. पाच मिनिटांचं काम आहे."

नियम तसाच होता. वॉरंट म्हणजे सरकारी खर्चाच्या तिकिटाचा कागद, ऑफिसरला फर्स्ट क्लासचा, जवानाला स्लीपरचा. त्या गाडीला फर्स्ट क्लासच्या डब्यातून पुढे जायला आतून वाट नव्हती. गाडी थांबेल तेव्हाच खाली उतरून जायचं. मला हे ठाऊक होतं. पण आमच्या कुटुंबात कोणी फर्स्ट क्लासचं दार आतून पाहिलं नव्हतं. महाडजवळच्या आमच्या गावाहून मुंबईला यायचं तर वडील आम्हाला एसटीच्या मागच्या सीटवर कोंबायचे. मी वडिलांना पत्राने कळवूनसुद्धा टाकलं होतं की तुमची मुलगी फर्स्ट क्लासने येते आहे.

"मी प्रत्येक हॉल्टला चेक करीन, मॅडम," मी म्हटलं.

मेट्रननी फर्स्ट क्लासचं वॉरंट पुढे ओढलं. त्यांनी सही केली.

गाडी १८४० ला, म्हणजे संध्याकाळी सहा चाळीसला सुटली. म्हात्रेला खालचा बर्थ होता. हवालदार यादव समोरच्या मधल्या बर्थवर. मी पाण्याची बाटली, युरिनल, औषधं, सगळं जागच्या जागी लावलं आणि यादवला ऑर्डर दिली, "काही वाटलं तर पुढच्या हॉल्टला लगेच मला उठवायचं."

"जी मॅडम."

२११० ला गाडी थांबली. मी उतरून पाहून आले. नाडी थोडी जलद.

"कसं वाटतं?"

"छातीन जरा जड वाटतं. भजी खाल्ली ना मगाशी."

"मग गॅस असेल. झोप."

"तुमी पन झोपा मॅडम. मी बरा हाय."

छातीत जड आणि नाडी जलद. सहा आठवडे पाय प्लास्टरमध्ये. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनीलाही खटकलं असतं. लेफ्टनंटबाईंना भजी पटली, कारण डब्यात पांढरी चादर वाट पाहत होती.

माझ्या डब्यात परतल्यावर अटेंडंटने सलाम केला. मी आयुष्यात कुणाला झाडलं नव्हतं इतक्या साहेबी थाटात त्याला सांगितलं, "सुबह तक कोई दरवाज़ा नहीं खटखटाएगा." काहीच कारण नव्हतं. एकदा तसं म्हणून बघायचं होतं, एवढंच. पुढचा हॉल्ट ०१४० चा. तोपर्यंत पुस्तक वाचत जागू, असं ठरवून मी आडवी झाले. पुस्तकाची तीन पानं झाली असतील.

०१४० ला मी झोपेत होते. हवालदार यादव प्लॅटफॉर्मवरून धावत आला आणि डब्याचं दार बडवू लागला.

"मेमसाब को उठाओ. पेशंट की साँस फूल रही है."

"मेमसाब का ऑर्डर है. सुबह आना."

"अरे, उन्हीं का पेशंट है."

"सुबह."

गाडी चार मिनिटं थांबली. यादव चार मिनिटं भांडला आणि गाडी हलल्यावर पळत जाऊन आपला डबा पकडला. दोन्ही ऑर्डर माझ्याच होत्या. दोन्ही दोघांनी चोख पाळल्या.

०४१० ला मला आपोआप जाग आली. खाली उतरले तर यादव प्लॅटफॉर्मवर उभा. त्याने सलाम केला नाही.

"कब?"

"दो पचपन."

पायातली रक्ताची गुठळी फुप्फुसात गेली होती. पुढे एका डॉक्टरने मला समजावलं की मी शेजारी असते तरी चालत्या गाडीत काही करता आलं नसतं. मला हे समजावणं अजून सोसवत नाही. चेन ओढता आली असती. मोठ्या स्टेशनवर डॉक्टर मागवता आला असता. आणि काहीच नाही, तरी त्याचा हात धरता आला असता. त्याला मेडिकल डिग्री लागत नाही.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. निष्कर्ष दोन ओळींचा. सर्व संबंधितांनी आपापल्या पात्रतेच्या वर्गाने प्रवास केला. कोणाचीही चूक आढळली नाही. माझ्यावर साधा ताशेरासुद्धा ओढला नाही. पुढे मी मेजर होऊन रिटायर झाले. त्या अटेंडंटला मी कित्येक वर्षं मनातल्या मनात शिव्या दिल्या. मग एक दिवस ध्यानात आलं, त्या गाडीत हुकूम पाळणारा तो एक चांगला माणूस होता आणि हुकूम देणारी मी गाढव होते.

त्या दिवशी कल्याणला उतरून आम्ही काशिनाथला मिलिटरीच्या गाडीतून तळवलीला नेलं. आई उंबऱ्यात बसली होती. तिने आधी त्याचा चेहरा पाहिला, मग माझा युनिफॉर्म.

"बाय, त्याच्याजवल कोन व्हतं?"

यादव माझ्या मागेच उभा होता.

"मी होते," मी म्हटलं.

तिने माझे दोन्ही हात धरले. "बरं झालं बाय. एकटा नाय गेला."

रिटायर झाल्यावर मी खारघरला राहायला आले आणि ती असेपर्यंत तळवलीला जात राहिले. आल्यागेल्याला ती सांगायची, "हीच व्हती त्याच्याजवल." मला मासे खाऊ घालायची. मी खाल्ले. एकदाही खरं बोलले नाही. तिला जाऊन बरीच वर्षं झाली, आता खरं सांगायला कोणाची परवानगी लागत नाही.

सिपाही काशिनाथ म्हात्रे लढाईत पडला नाही, म्हणून त्याचं नाव कुठल्या स्मारकावर नाही. त्याच्या कागदावर फक्त 'प्रवासात मृत्यू' लिहिलं आहे. आणि त्याच्याजवळ समोरच्या खालच्या बर्थवरची एक बाई होती. दोन लहान पोरांना यादवच्या बर्थवर झोपवून तिने काशिनाथचं डोकं मांडीवर घेतलं आणि शेवटपर्यंत पाण्याने त्याचे ओठ ओले करत राहिली. यादवने मला हे गाडी सुटल्यावर सांगितलं. तोवर ती ०४१० च्या स्टेशनवर उतरून गेली होती. मी डब्यात चढत होते तेव्हा ती पोरांना घेऊन दारातून उतरत होती. आमची गाठ पडली, नाही असं नाही. मी तिला म्हटलं, "हटो."

ती बाजूला झाली.