सहा महिन्यांच्या ऑर्डरवरचे डॉक्टर

परमनंट डॉक्टरांना लाजवील असा टेंपररी डॉक्टर मी नर्सच्या नोकरीत एकच पाहिला. कधी उल्हासनगर, कधी अंबरनाथ, असं सहा-सहा महिन्यांच्या ऑर्डरवर फिरत हे गृहस्थ बदलापूरच्या आमच्या छोट्या दवाखान्यात आले आणि खुर्चीत बसायच्या आधी बीपीचं मशीन तपासायला लागले. रोज सकाळी पट्टा आधी स्वतःच्या दंडाला. एकदा आकडा बघून गंभीरपणे म्हणाले, "सिस्टर, या मशीनच्या मते मी परवाच वारलोय. आज नाडीवरच भागवू." आणि खरंच दिवसभर नाड्या बघत बसले! गप्पा तर विचारू नका. हेंद्रेपाड्याच्या एका आजींना गुडघ्याची गोळी लिहून द्यायला अर्धा तास लागला, कारण सोबत आलेल्या सुनेची बाजू म्हणे घरात कोणीच ऐकून घेत नव्हतं. उल्हासनगरच्या जुन्या सिंधी पेशंट बायका पापड घेऊन यांना शोधत इथवर यायच्या. त्यांना "मीठ बंद" असं बजावायचं आणि पापड स्वतः खायचे. बाहेर रांग कावलेली, आत कुरुमकुरुम. माझं डोकं फिरायचं.

या खेपेला मात्र ऑर्डर वाढावी असं त्यांना फार वाटत होतं. मुलगी दहावीला, शिरगावात भाड्याचं घर नुकतंच लागलेलं. "एक वर्ष तरी बिऱ्हाड हलायला नको हो," म्हणायचे. पेशंटबरोबर अँब्युलन्समधून निघून जायची त्यांची जुनी खोड. त्यावरून दोनदा बोलणी खाऊन झाली होती. आता वरून सक्त ताकीद होती, पुन्हा ओपीडी सोडली तर ऑर्डर विसरा.

आणि नेमकी त्याच आठवड्यात खरवईकडची एक बाई आली. शेतात नाग चावलेला. विषावरची लस दिली, तरी श्वास मंदावत चालला. आमच्याकडे व्हेंटिलेटर नाही. आहे ती हाताने दाबून श्वास द्यायची रबरी पिशवी. उल्हासनगरच्या मोठ्या हॉस्पिटलपर्यंत ती दाबणार कोण? "मी जाते," म्हटलं.

"आत बाळंतीण अडलीय, तुम्ही कुठं जाताय?"

बाईचा मुलगा रडत होता, "डॉक्टर, माजी आय वाचंल ना?" डॉक्टर पिशवी दाबत दाबतच अँब्युलन्समध्ये चढले.

मी ओरडले, "अहो डॉक्टर, ऑर्डर!"

"सिस्टर, दार लावा."

बाई वाचली. दोन दिवसांनी नोटीस आली. खुलाशात यांनी एकच ओळ लिहिली, 'पिशवी दाबायला दुसरे कोणी नव्हते.' मी म्हटलं, अहो, निदान माफी तरी मागा! नाही मागितली. ऑर्डर वाढली नाही. मला इतका राग आला, त्यांचासुद्धा.

शेवटच्या दिवशी निघताना म्हणाले, "माझ्या जागी येईल त्याला सांगा सिस्टर, ओपीडी सोडायची नाही. घरच्यांचा विचार कर म्हणावं." मी मान डोलावली. फाटकापर्यंत गेले आणि परत आले.

"नको. तसलं काही सांगू नका."

नवे डॉक्टर येऊन महिना झाला. भले आहेत, वेळेचे पक्के आहेत. मी त्यांना अजून काही सांगितलेलं नाही.