भाबींना जिल्ह्याबाहेर जायचं होतं

आमच्या शेजारच्या भाबी कराचीत जन्मल्या आणि मी उमरीत. दोघीही लग्न होऊन औशाला आलो. माझं नाव महिन्याभरात रेशनकार्डावर चढलं. भाबींना या देशाचं व्हायला सव्वीस वर्षं लागली.

खरं तर त्यांचे आजोबा औशाचेच. निजामाचं राज्य गेलं त्या धामधुमीत ते बायकापोरांना घेऊन तिकडे गेले, आणि पुढं मरेपर्यंत नातवंडांना औशाच्या गल्ल्या सांगत राहिले. आजोबांच्या इथंच राहिलेल्या भावाच्या नातवाशी भाबींचं लग्न जमलं. त्याचं शिलाईचं दुकान होतं. आल्याच्या दुसऱ्या दिवशी भाबी नवऱ्याला म्हणाल्या, "किल्ल्याकडं चला, वाट मी दाखवते." आणि खरंच दाखवली. एकाच वळणावर अडखळल्या, कारण तिथलं लिंबाचं झाड कधीच तोडलं होतं. आजोबांच्या औशात ते अजून उभं होतं.

हे सगळं त्यांनीच मला पहिल्या उन्हाळ्यात, गच्चीवर कुरडया घालताना सांगितलं. कुरडया घालायला मी शिकवलं आणि त्यांनी मला चिंच घातलेला, डाळीचा खट्टा दालचा करायला. मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवते, म्हणून त्या मला 'बाई' म्हणायच्या आणि कागदपत्रांचं काही आलं की माझ्याकडे यायच्या.

कागदपत्रं तर सतत असायची. ठरल्या मुदतीला लातूरला जायचं, रजिस्टरवर सही करायची, राहण्याची परवानगी वाढवून घ्यायची. लातूर जिल्ह्याबाहेर पाऊल टाकायचं तर आधी अर्ज. नागरिकत्वाचा अर्ज एकदा पासपोर्टची मुदत संपल्यामुळं परत आला, एकदा जुन्या नमुन्यात भरला म्हणून. नोंदीच्या टेबलावरचा क्लार्क भला माणूस. दर वेळी खुर्ची पुढं करायचा आणि दर वेळी तोच प्रश्न विचारायचा, कारण फॉर्मवर तो रकाना होता: "भारतात येण्याचं कारण?"

"लिवा, सासर," भाबी म्हणायच्या.

त्यांची मुलगी माझीच विद्यार्थिनी. हुशार, बडबडी. शिकून शिक्षिका झाली आणि भोकरजवळच्या एका शाळेत लागली. भोकर म्हणजे नांदेड जिल्हा. पहिल्याच वर्षी तिनं सव्वीस जानेवारीसाठी मुलींचं लेझीम बसवलं आणि फोन केला, "अम्मी, तू आलीच पाहिजे."

आम्ही महिनाभर आधी अर्ज दिला. जानेवारी सरत आला तरी उत्तर नाही. पंचवीसच्या सकाळी मी भाबींच्या ओट्यावर जाऊन बसले आणि हळूच म्हणाले, "चला की, बसनंच जाऊ. एसटीत कोण पासपोर्ट मागतंय? संध्याकाळपर्यंत भोकर. परवा परत."

भाबी तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली. "बाई, तुमीच असं बोलून राहिल्या?"

"मग काय करायचं? आई आहात तुम्ही. दोनशे किलोमीटरवर तुमची लेक झेंड्याला सलाम करणार, आणि ते बघायला तुम्हाला बंदी. हा कसला कायदा?"

"कायदा मला बी पटत न्हाई. पण चोरून गेले तर जिंदगीभर चोरच ऱ्हाईन. मला ह्या मुलकाची व्हायचंय, ते उजागरीनं. घराला दार पायजेच की. फकस्त दारात उभ्या माणसाला बस म्हणावं, येवढंच माजं म्हणणं हाय."

मला लाज वाटली. उमरीला आमच्या घरी बुद्धाच्या मूर्तीशेजारी संविधानाची प्रत असायची. वडील म्हणायचे, पटत नसेल तर उघड भांड. ते मी वर्गात वर्षानुवर्षं शिकवत आले, आणि शेजारणीला मात्र मागच्या दारानं निघायला सांगत होते. कायदा पाळणं आणि तो योग्य आहे असं मानणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे भाबींना एकही धडा न वाचता कळलं होतं. मला त्या दिवशी कळलं.

सव्वीसला मुलीनं व्हिडिओ कॉल लावला. भाबी नवी साडी नेसून, डोक्यावर पदर घेऊन फोनपुढं उभ्या राहिल्या. राष्ट्रगीत सुरू झालं तेव्हा त्यांच्या नवऱ्यानं दुकानातलं मशीन थांबवलं आणि तेही उभे राहिले. नंतर लेझीम चालू झालं आणि नेमकं नेटवर्क गेलं. परवानगीचं पत्र चार दिवसांनी आलं. भाबींनी ते वाचलं आणि इतक्या हसल्या, की डोळ्यांत पाणी आलं. "आता जाते, मैदान झाडायला!"

मी मात्र त्या रात्रीच्या जेवणाआधीच कागद घेऊन बसले. लातूरच्या मोठ्या साहेबांना, म्हणजे कलेक्टरांना, दोन पानी पत्र लिहिलं. कुणाला आत घ्यायचं हे ठरवायचा देशाला अधिकार आहे, हे मान्य केलं. पण जिनं इथं लेक वाढवली, जिची लेक इथल्या मुलांना शिकवते, तिला दर वेळी येण्याचं कारण विचारणं या देशाला शोभत नाही, असं लिहिलं. खाली गल्लीतल्या एकोणीस जणांनी सह्या केल्या. माझ्या सासूबाईंनी अंगठा न देता, सराव करून सही केली. पत्राचा उपयोग झाला की फाइलची पाळीच आली होती, कोण जाणे. पण पुढच्या दिवाळीनंतर लातूरहून बोलावणं आलं.

शपथ घ्यायला आम्ही जीप भरून गेलो. भाबींनी शपथ पाठ केली होती, तरी साहेबांसमोर तिसऱ्या शब्दावर अडकल्या, "थांबा साहेब, पुन्यांदा घेते," म्हणाल्या आणि पहिल्यापासून नीट घेतली. साहेबही हसले. बाहेर पडताना तो जुना क्लार्क खुर्चीवरून उठला. "भाबी, आता इथं येऊ नका. आलात तर निव्वळ चहा प्यायला."

दुसऱ्याच आठवड्यात आम्ही दोघी भोकरला निघालो. अहमदपूर सुटल्यावर भाबींनी कंडक्टरला विचारलं, "भाऊ, नांदेड जिल्हा लागला की सांगता का?"

"कुठं उतरायचंय?"

"उतरायचं न्हाई हो. फकस्त बघायचंय."

मी त्याला थोडक्यात हकीकत सांगितली.  हद्दीची पाटी दिसली तशी त्यानं घंटी वाजवली, ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेतली, आणि हा पठ्ठ्या मोठ्यानं ओरडला, "नांदेड जिल्हा आला हो! मावशी, उतरा अन् बघा!"

भाबी उतरल्या. दोन्हीकडं तीच काळी माती, तोच हरभरा. त्या पाटीच्या अलीकडं उभ्या राहिल्या, मग पलीकडं गेल्या, मग पुन्हा अलीकडं. खिडक्यांतून माणसं बघत होती. एक म्हातारे आजोबा म्हणाले, "पोरी, काय फरक पडला का?"

"काईच न्हाई, बाबा!" भाबी ओरडून म्हणाल्या, आणि सगळी बस हसली. त्यांनी पिशवीतला पेढ्यांचा डबा काढला आणि शेवटच्या सीटपर्यंत वाटत गेल्या. ड्रायव्हरनं दोन घेतले.

भोकरला लेकीनं मुलींना लेझीम घेऊन उभं केलं होतंच. नंतर हेडमास्तरांच्या शेतात आम्ही हुरडा खाल्ला, आणि भाबी तिथल्या बायकांशी हुरड्याबरोबर कोणती चटणी चांगली यावरून तावातावानं भांडल्या. लसणाची की शेंगदाण्याची, हे शेवटपर्यंत ठरलं नाही.