जावयाचा गोल

आमच्या जळगावच्या कॉलेजात जिमखान्याच्या दारावर एक हिरवा लाकडी बोर्ड होता. उंच उडी, लांब उडी, थाळीफेक, ज्याचा जो विक्रम असेल तो त्यावर पांढऱ्या रंगात. सगळ्यांत खालची ओळ फुटबॉलची होती. एका मोसमात सर्वाधिक गोल, चौदा, आणि त्यापुढे माझं नाव. मुलींच्या कॉमन रूमची वाट त्याच दारावरून जायची हा योगायोग होता, आणि रिकाम्या तासाला मी नेमका त्याच दाराला टेकून उभा असायचो, हाही.

त्या चौदांपैकी एक गोल मी भुसावळकरांवर असा मारला होता की बॉल थांबलाच नाही. मैदान ओलांडून तो पलीकडच्या केळीच्या बागेत शिरला आणि एक अख्खा घड पाडूनच थांबला. तो घड आम्ही हाफटाइमला खाल्ला. गोल हाफटाइमनंतर झाला होता असं काहीजण अजून म्हणतात. म्हणू देत. बोर्डावर त्यांचं नाव नव्हतं.

दुसऱ्या वर्षी धरणगावकडचा एक मुलगा कॉलेजात आला. कापसाच्या शेतात वाढलेला, दोरीसारखा पिळदार, आणि पायात बूट घालायला नाखूष. बुटात त्याला म्हणे बॉल ऐकू येत नसे. काळ्या मातीचं आमचं मैदान पाऊस पडला की बूटच काय, माणूस गिळायचं. आम्ही सगळे दोन-दोन शेर माती पायाला बांधून धावायचो आणि हा अनवाणी त्यावरून बगळ्यासारखा जायचा. मी त्याला बॉल द्यायचो नाही. त्याचं काही अडत नव्हतं. तो समोरच्या संघाकडूनच घ्यायचा.

तो उद्धट असता तर मला सोपं गेलं असतं. पण गोल झाला की धावत माझ्याकडे यायचा आणि म्हणायचा, "दादा, हाऊ बठ्ठा तुमना आशीर्वाद शे."

मी त्याला कसलाही आशीर्वाद दिलेला नव्हता. जे दिलं होतं ते मनातल्या मनात होतं आणि ते इथे लिहिण्यासारखं नाही. दहा झाले, बारा झाले. माझं जेवण कमी झालं. शेवटच्या सामन्याला आम्ही धुळ्याला निघालो तेव्हा त्याचे चौदा झाले होते. बरोबरीची मला भीती नव्हती. बरोबरी झाली तर आधीचंच नाव राहील, असा आमच्या खेळाच्या सरांचा नियम होता, कारण पेंटरला पुन्हापुन्हा बोलावणं त्यांना परवडत नसे. पण पंधरावा झाला की माझं नाव पुसलं जाणार होतं.

धुळ्याला एसटीतून उतरलो तर स्टँडवर पन्नासएक माणसं नारळ आणि फेटा घेऊन उभी. मला वाटलं माझी कीर्ती पोचली. फेटा माझ्या डोक्यावरून पुढे गेला आणि त्याच्या डोक्यावर बसला. मग कळलं की महिन्यापूर्वी याचा साखरपुडा झाला होता. मुलगी सोनगीरची, आणि तिचा सख्खा भाऊ धुळ्याच्या संघाचा गोलकीपर. जावई साखरपुड्यानंतर पहिल्यांदाच इकडे येतोय म्हणून सोनगीर रिकामं करून माणसं आली होती. गावचा किल्ला तेवढा मागे राहिला.

सामना संपत आला तेव्हा धुळेकर तीन गोलांनी पुढे होते. हा एकटाच बॉल घेऊन गोलकीपरसमोर पोचला आणि त्याने मारला. मारला म्हणजे काय, होणाऱ्या मेहुण्याला लागू नये अशा बेताने लोटला. गोलकीपरने दोन्ही हातांनी तो अलगद धरला. माझ्या छातीतली कापसाची गासडी उतरली. तेवढ्यात रेषेबाहेर बसलेले मुलीचे आजोबा उठले. त्यांना सगळे आबा म्हणत.

"काय रे," आबा नातवाला म्हणाले, "जवाई पहिल्यांदा दारशी उना शे. त्याले रिकामा धाडशी का?"

"आबा, हाऊ सामना शे," गोलकीपर म्हणाला.

"मंग तुनी बहीण काय सामना शे?"

गोलकीपरने बॉलकडे पाहिलं, आबांकडे पाहिलं, आपल्या कप्तानाकडे पाहिलं. कप्तान तीन गोलांनी पुढे असलेला माणूस होता, त्याने मान दुसरीकडे वळवली. गोलकीपरचे हात सैल झाले. बॉल त्याच्या कुशीतून घरंगळला आणि रेषेपलीकडे जाऊन बसला.

मी सरांकडे धावलो. म्हटलं, "सर, हा गोल नाही, आहेर आहे. आहेर बोर्डावर लिहीत नाहीत."

सर म्हणाले, "रेषेपलीकडे गेला ना?"

"नेऊन ठेवला, सर."

"मारला कोणी?"

आठवड्यात पेंटर आला. माझं नाव त्याने टर्पेंटाइनच्या फडक्याने असं पुसलं, जसा पोराच्या नाकाचा शेंबूड. कॉमन रूमच्या वाटेला मी आठवडाभर पाठ करून चाललो.

शेवटचं वर्ष उरलं होतं. मी विचार केला, याच्यात आणि माझ्यात फरक काय? पायात काही नाही. फरक सासुरवाडीत आहे. वडिलांना आम्ही भाऊ म्हणायचो. मी सरळ त्यांच्याकडे गेलो आणि म्हटलं, माझ्यासाठी स्थळ बघा, धुळ्याचं.

भाऊ खूश झाले. "कसं घराणं पाहिजे?"

"मुलीचा भाऊ गोलकीपर पाहिजे."

भाऊंनी चष्मा काढला. "तुला बायको पाहिजे का गोलकीपर?"

"दोन्ही. पण गोलकीपर याच साली पाहिजे."

सोनगीरचा गोलकीपर पास होऊन गेला होता. त्याच्या जागी धुळ्याच्याच एका गल्लीतला मुलगा उभा राहायला लागला होता, आणि देवाच्या दयेने त्याला एक बहीण होती. बघण्याच्या कार्यक्रमात मी भावाच्या पंजांचंच निरीक्षण करत बसलो. पोह्यांची बशी माझ्यासमोर दोनदा धरावी लागली, असं बायको अजून सांगते. तिला वाटलं होतं मुलगा लाजाळू आहे.

साखरपुडा झाला आणि माझा खेळ खुलला. धरणगावकराला सरांनी त्या वर्षी कडेला खेळवलं. गोल मारायचे मी, बॉल आणून द्यायचा त्याने. धुळ्याच्या सामन्याआधी माझे पंधरा झाले. एकच पाहिजे होता, आणि तो धुळ्यात माझी वाट पाहत उभा होता, हातमोजे घालून.

सामना चारला. सासरकडून निरोप आला, जावयाने दुपारी जेवायला यायचं, सोबत एक मित्र आणायचा. मी मुद्दाम धरणगावकरालाच नेलं. माझी सासुरवाडी त्यालाही दिसू दे.

बसलो तर ताटात मांडे. खापरावरचे, धोतराएवढे, घड्या घालून ठेवलेले. वर तूप, बाजूला दूध, वांग्याचं भरीत. सासूबाई वाढायला उभ्या होत्या. मी "बस" म्हटलं की एक मांडा पडायचा. "खरंच बस" म्हटलं की दोन. मी बोलणं बंद केलं तर त्या म्हणाल्या, "पाहुणे लाजतात," आणि तीन वाढले.

तो माझ्या कानाशी वाकला. "दादा, सामना शे. माले त्यासनी सामना झावावर जेवाडेल व्हतं."

त्याच्या सासरच्यांनी म्हणे त्याला सामना झाल्यावर जेवू घातलं होतं. त्याच्या ताटात अर्धाच मांडा होता. मला वाटलं, जळतोय. मी आणखी एक मागून घेतला.

मैदानावर मी धावलो नाही, ओझं वाहिलं. पोटात सबंध सासुरवाडी बसली होती. धुळेकर पुन्हा पुढे होते, त्यामुळे कुणाचं काही अडत नव्हतं. शेवटी त्याने कडेने बॉल आणला आणि गोलासमोरून माझ्याकडे सोडला. माझा मेहुणा आधीच बाजूला झाला होता. बुटाची नाडी बांधत होता, बांधलेलीच. गोल खळ्यासारखा मोकळा. मला फक्त पाय लावायचा होता. मी दोन पावलं धावलो, पोटात मांड्यांची घडी उलगडली, आणि मी काळ्या मातीत बसलो. बॉल माझ्या समोरून, घाई न करता, आत गेला.

सर पेन्सिल घेऊन आले. "कोणाचा?"

"दादाना पाय लागना," तो लगेच म्हणाला.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "लागल्यासारखा वाटला खरा."

तेवढ्यात मेहुणा धावत आला. चेहरा काळजीने उतरलेला. "सर, पाहुण्यांना आत्ता काही विचारू नका. त्यांची तब्येत बरी नाही. ते तर बॉलपासून हातभर लांब बसले होते, मी त्यांच्याकडेच बघत होतो."

सरांनी गोल धरणगावकराच्या नावावर लिहिला. माझे पंधराच राहिले, बरोबरी झाली, आणि बोर्डावर त्याचंच नाव राहिलं. परतीच्या एसटीत त्याने मला खिडकीची जागा दिली आणि पारोळ्यापर्यंत माझी पाठ चोळली. माणसाने इतकं चांगलं असू नये, शेजारच्याला त्रास होतो.

उन्हाळ्यात माझं लग्न झालं. तो बायकोला घेऊन आला, पंगतीत वाढायलाही उभा राहिला. मी बोहल्यावरून उतरत होतो, तर माझ्या चुलत मेहुणीने मला बाजूला घेतलं आणि वाढणाऱ्यांकडे बघत हळूच विचारलं, "यातला तो गोल मारणारा कोणता हो?"