भागोजीला जहाजावरून घरी आणलं त्याची गोष्ट

नव्या युद्धनौकेचं जलावतरण टीव्हीवर दाखवत होते, तेव्हा वरंधच्या मंजुळाबाई उतेकरांच्या ओटीवर अर्धी आळी जमली होती. कुणा साहेबाच्या बायकोनं नारळ फोडला आणि ते अजस्त्र धूड उतारावरून सरकत पाण्यात गेलं. पोरांनी टाळ्या पिटल्या. मंजुळाबाईंनी तेवढं विचारलं, "नवं झालं. मंग जुन्याचं काय करतील?"

ही नौका ज्याची जागा घेणार होती, त्याच जुन्या जहाजावर त्यांचा नवरा भागोजी बॉयलरला होता. भर समुद्रात वाफेची नळी फुटली आणि तो गेला. मुलगा राजेंद्र तेव्हा पाळण्यात होता. दहन तिकडंच झालं, घरी आली ती नुसती त्याच्या सामानाची पत्र्याची पेटी.

आता त्यांच्या घराण्याची रीत अशी, की परमुलखात मेलेल्याला जिथं प्राण गेला तिथूनच नावानं हाक मारून घरी आणायचं. मगच त्याचा चांदीचा टाक देव्हाऱ्यात बसतो. विहिरीत पडलेल्याची विहीर निदान जागेवर असते हो! हे जहाज आज कारवारला, उद्या कोचीनला, आणि त्यावर बाहेरच्याला पाय ठेवू देत नाहीत. हे आपल्याला जमायचं नाही म्हणून गुरवानं हात झटकले. देव्हाऱ्यात वाडवडिलांच्या रांगेत नवऱ्याची जागा मोकळी राहिली ती राहिलीच. बाईनं भात लावला, म्हशी राखल्या, पोराला महाडच्या एमआयडीसीत चिकटवलं. लोक म्हणायचे, बाई खंबीर. कसली खंबीर! आतून रागानं जळत होती ती.

पुढं काही वर्षांनी ती नवी फ्रिगेट ताफ्यात दाखल झाली आणि जुनी काढायची ठरली. भागोजीच्या जोडीला त्याच जहाजावर असलेला रावजी पोलादपूरहून मुद्दाम सांगायला आला. निरोपाच्या दिवशी जुन्या खलाशांना, त्यांच्या घरच्यांना जहाजावर घेणार होते. मग ते भंगारात जाणार. एकदा तुकडे झाले की हाक मारायची कुठून? मंजुळाबाईंनी तिथल्या तिथं पिशवी भरायला घेतली.

राजेंद्र शिफ्ट करून आला आणि हे ऐकून भडकला. जहाजाच्या पत्र्यात कधी मेलेला माणूस राहतो का, म्हणाला, लोक हसतील आपल्याला. ते शब्द आईच्या जिव्हारी लागले. सून अपेक्षाला तेवढं त्यांनी सांगून ठेवलं, की मी परत येईन तेव्हा दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी राहा आणि कोण आलंय म्हणून विचार. मग त्या रावजीबरोबर मुंबईला गेल्या.

गोदीत जुन्या जहाजाशेजारीच नवं उभं होतं. रावजीनं सांगितलं, ह्यात बॉयलरच नाही, हे गॅस टर्बाइनवर चालतं, त्या आगीत आता कुणाला उभं राहावं लागणार नाही. मंजुळाबाईंनी ते कोरं जहाज खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"बरं केलं," त्या म्हणाल्या. "आधीच करायला होवं होतं."

खाली जायला मनाई होती. शिडी उभी, वाट अंधारी, म्हातारं माणूस पडलं तर काय, असं साहेबाचं म्हणणं. रावजीनं हात जोडले, सगळी हकिकत सांगितली. साहेब जरा घुटमळला, मग त्यानं टॉर्च घेतलेला एक खलाशी सोबत दिला. बाईंनी पदर खोचला आणि त्या उतरल्या. बॉयलर थंडगार पडला होता. रावजीनं त्याच्यापुढची जागा दाखवली.

आणि इथंच घोडं अडलं. हाक नावानं मारायची, आणि नवऱ्याचं नाव बाईंनी जन्मात घेतलेलं नव्हतं. रेशन दुकानातसुद्धा पोराला पुढं करायच्या. तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. रावजीनं हळूच विचारलं, "वैनी, मी मारू का हाक?" त्यांनी नको म्हणून मान हलवली. इतकी वर्षं एकटीनं काढली होती, हाक काय दुसऱ्यानं मारायची?

"भागोजी," त्या म्हणाल्या, "चला घरी."

दुसरी हाक जरा मोठ्यानं आली. तिसऱ्या हाकेला सगळं लोखंड घुमलं. रावजी तोंड फिरवून रडला.

हाक मारल्यावर घरचा उंबरा येईपर्यंत बोलायचं नसतं. वर सूर्यास्ताला जहाजाचा झेंडा शेवटचा उतरला. साहेबानं मायेनं विचारपूस केली, बाईंनी नुसते हात जोडले. परतीच्या वाटेवर कंडक्टर दोनदा खेकसला, तरी त्या बोलल्या नाहीत. रावजीच सगळ्यांना तोंड देत होता.

सकाळी त्या वरंधला दारात आल्या. उंबऱ्याआत अपेक्षा उभी नव्हती. कंपनीचे कपडे घातलेला राजेंद्र, शिफ्ट बुडवून, पाण्याचा तांब्या धरून उभा होता.

"कोण आलंय?" त्यानं विचारलं.

"तुजा बाप आलाय रे," मंजुळाबाई म्हणाल्या. "पाय धू त्यांचं."

राजेंद्र खाली बसला आणि आईच्या शेजारच्या मोकळ्या जागेवर हळूहळू पाणी ओतू लागला.