न्हाणीतलं मेण

आमच्या घरी न्हाणी नव्हती. तीन काठ्या आणि मायचं जुनं लुगडं, एवढ्या आडोशाला माय, थोरली बहीण आणि मी उजाडायच्या आत अंग धुवायचो. वारा सुटला की एकीने लुगडं धरून उभं राहायचं. बाप दरेकशाच्या जंगलात मध काढायला जायचा. चौथीनंतर शाळा सोडून बहीणही त्याच्यासोबत जायला लागली. तिला आम्ही बाई म्हणतो.

मी शिकले. बी.एस्सी. झाले, घरातली पहिली. शाळेत नोकरी लागल्यावर पगारातून पक्की न्हाणी बांधली. फरशी, दार, आतून कडी, आणि पाणी जमिनीखालून मागच्या वाडीत नेणारा प्लास्टिकचा पाइप. मायने कडी लावून पहिली आंघोळ केली, बाहेर आली आणि म्हणाली, "बाईले बलाव. तिनंबी पाहावं."

मला लागलं ते. बाई गावातच दिलीय, पण मेण आमच्याच अंगणात काढते. पोळं उकळायचं, फडक्यातून पिळायचं, वर जमलेल्या मेणाच्या पिवळ्या वड्या करायच्या. गोंदियाहून गाडीने येणारा व्यापारी मलाच विचारतो, "दीदी का मोम है क्या?" माय आल्यागेल्याला ती वडी हुंगायला देते. माझी डिग्री पत्र्याच्या पेटीत आहे, ती कोणी पाहायला मागत नाही.

मागच्या हिवाळ्यात न्हाणी तुंबली. मेण गाळून उरलेलं कढत पाणी बाईने तिथे ओतलं होतं. इतकी वर्षं ती ते वाडीत फेकायची, पाइपची सवय नव्हती तिला. मला राग यायला हवा होता. खरं सांगते, मला बरं वाटलं. चूक तिची होती, आणि न्हाणी मी मोकळी करणार होते, मायच्या डोळ्यांदेखत.

मेण बासष्ट-चौसष्ट अंशांवर वितळतं, हे मी परीक्षेत लिहिलं होतं. दोन गंज भरून पाणी उकळलं आणि ओतलं. तोंडाशी अडकलेलं मेण वितळलं, थोडं पाणी गेलंही. "झालं!" मी ओरडले. मग पाणी पुन्हा वर चढलं. वितळलेलं मेण पुढे जाऊन थंड जमिनीखाली घट्ट बसलं होतं.

तेवढ्यात बाई आली.

"का करून राहिली व?"

"तू केलं ते निस्तरून राहिली."

"गरम कायले ओततं? वितळून पुढंच जाते ना ते. कालेजात हे नाही शिकवत काय?"

माय हसली. मी गंज आपटला.

बाई वाडीत, पाइपच्या दुसऱ्या तोंडाशी बसली. मला म्हणाली, "रांजनातलं गार पानी आन." मी आणलं. तिने ते थंड पाणी पाइपवर आणि आतही ओतलं, काठीने ठोकत गेली, आवाज बदलला तिथली माती उकरून पुन्हा ठोकलं. थंडीने मेण आक्रसतं, कडा सोडतं. हेही मी शिकले होते, पण वेळेवर आठवलं नाही. मग तिने बांबूची कामटी मेणात खुपसून हळूच ओढलं. हातभर लांब, पाइपच्याच आकाराचं मेण बाहेर आलं. मागून भसकन पाणी आलं, तिचं लुगडं भिजलं.

"फेकू नोको," ती म्हणाली. "धुऊन गाळलं का इकता येते."

माय म्हणाली, "पाह्य, बाईचा हात!"

मी माझे हात पाहिले. उकळत्या पाण्याने दोन बोटं भाजली होती. कोणाला दाखवली नाहीत.

सांजेला मायने कडी लावून आंघोळ केली. पाणी सरळ वाडीत गेलं. न्हाणी मी बांधली. मोकळी बाईने केली.